जुन्या गेमचे सेव्ह वाचवायचे तर आधी प्रत, मग बॅटरी

जुन्या कार्ट्रिजमधला सेव्ह, म्हणजे साठवलेली गेममधली प्रगती, खेळताना क्वचितच जातो. तो जातो कार्ट्रिज कपाटात पडून असताना. कन्सोल चालू असतो तेव्हा सेव्हच्या चिपला कन्सोलचेच ५ व्होल्ट मिळतात आणि आतली बॅटरी डायोडमुळे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामुळे) बाजूला राहते. कन्सोल बंद केला की त्या चिपला जिवंत ठेवण्याचे काम एकट्या बटण सेलवर येते. हा भार किरकोळ असतो, साधारण एक-दोन मायक्रोअँपिअरचा. सीआर२०३२ सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास धरली आणि दीड मायक्रोअँपिअरने भागली, तर दीड लाख तास, म्हणजे १७ वर्षे येतात. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’चे बॅटरीवाले एनईएस (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) कार्ट्रिज अमेरिकेत १९८७ साली आले. त्या पिढीचे मूळ सेल अजूनही कुठे कुठे तग धरून आहेत, कारण काही चिप याहूनही कमी वीज घेतात. पण त्यांच्यावर विसंबून राहू नये.

बहुतेक लोक इथे सोल्डरिंग आयर्न गरम करायला घेतात, आणि सेव्ह तिथेच जातो. मूळ सेल काढला की चिपमधली माहिती पुसली जाते. नवा सेल लावल्यावर कार्ट्रिज ठणठणीत चालते, पण सेव्हची जागा रिकामी असते. म्हणून क्रम बदलू नका: सेव्हची प्रत संगणकावर घ्या, ती तपासा, मग सेल बदला, मग सेव्ह परत कार्ट्रिजमध्ये भरा.

सेव्ह कशावर आहे ते आधी ओळखा

सगळ्याच कार्ट्रिजमधले सेव्ह बॅटरीवर नसतात. सेव्हची चिप एसरॅम प्रकारची असेल तर बॅटरी लागते. ईईप्रॉम, फ्लॅश आणि एफरॅम या चिप वीज नसतानाही माहिती धरून ठेवतात. एकाच कन्सोलवर यांतले अनेक प्रकार सापडतात. निन्टेन्डो ६४ वर ‘सुपर मारिओ ६४’ ५१२ बाइटच्या ईईप्रॉमवर सेव्ह करतो, ‘ऑकारिना ऑफ टाइम’ ३२ केबी एसरॅम आणि बॅटरीवर, तर ‘मेजोराज मास्क’ १२८ केबी फ्लॅशवर. सेगाच्या ‘सॉनिक ३’मध्ये १९९४ सालीच एफरॅम चिप बसवलेली होती, त्यामुळे त्यात बदलायला बॅटरीच नाही.

सर्वात जास्त घबराट होते ती गेम बॉय ॲडव्हान्सच्या ‘पोकेमॉन रुबी’, ‘सफायर’ आणि ‘एमरल्ड’मुळे. सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश येतो आणि सेव्ह गेला असे वाटते. या तिन्हींत सेव्ह १२८ केबी फ्लॅशवर असतो. बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. ती संपली की वेळेवर अवलंबून असलेल्या घटना थांबतात, बाकी गेम तसाच चालतो. ती बदलताना सेव्ह जात नाही. गेम बॉयच्या ‘पोकेमॉन गोल्ड’, ‘सिल्व्हर’ आणि ‘क्रिस्टल’चे मात्र नेमके उलटे आहे. तिथे एकच सेल एसरॅमही सांभाळतो आणि ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे घड्याळही. घड्याळ चोवीस तास चालत राहते, म्हणून हे सेल ‘पोकेमॉन रेड’ किंवा ‘ब्लू’मधल्या सेलपेक्षा बरेच आधी संपतात. तुमच्याकडे या तिघांपैकी एखादे असेल आणि सेव्ह अजून शिल्लक असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करा.

नकली कार्ट्रिज हा वेगळाच प्रकार. त्यात अनेकदा सेलच नसतो किंवा गेमच्या कोडमध्ये फेरफार करून सेव्ह फ्लॅशमध्ये लिहिलेला असतो. कव्हर उघडल्यावर सेलची जागा रिकामी दिसली तर आधी हाच संशय घ्या.

प्रत घेणे

यासाठी कार्ट्रिज रीडर लागतो. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि ॲडव्हान्ससाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा छोटा यूएसबी रीडर आणि फ्लॅशजीबीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर ही जोडी पुरते. एसएनईएस (निन्टेन्डोचा एनईएसनंतरचा कन्सोल) आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी रेट्रोड २ आहे; तो संगणकाला जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि सेव्हची फाइल सरळ कॉपी करता येते. अनेक कन्सोल असतील तर अर्डुइनो मेगा २५६० वर बांधलेला ओपन सोर्स कार्ट्रिज रीडर घ्यावा. तो एसडी कार्डवर लिहितो, संगणकाची गरज पडत नाही. मात्र एसएनईएसच्या एसए-१ चिपवाल्या कार्ट्रिज, उदाहरणार्थ ‘सुपर मारिओ आरपीजी’, प्रत्येक रीडरला वाचता येत नाहीत. घेण्याआधी रीडर कोणत्या कार्ट्रिज वाचतो त्याची यादी पाहा.

रीडरला हात लावण्याआधी कार्ट्रिजचे पाय, म्हणजे खालच्या कडेचे धातूचे संपर्क, स्वच्छ करा. ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसणे. सँडपेपर वापरू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा बसतो आणि गंज चढतो. अल्कोहोल उडून जायला पाच मिनिटे द्या.

मग रीडरचा व्होल्टेज पाहा. जीबीएक्सकार्टच्या जुन्या आवृत्त्यांवर हाताने सरकवायचा स्विच असतो: गेम बॉय आणि कलरसाठी ५ व्होल्ट, ॲडव्हान्ससाठी ३.३. ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजला ५ व्होल्ट दिले तर चिप जळू शकते. कार्ट्रिज नेहमी रीडरला वीज नसताना घाला आणि काढा. वीज चालू असताना ओढून काढले तर शेवटच्या मायक्रोसेकंदांत पत्त्याच्या आणि डेटाच्या तारांवर काहीही येते आणि एसरॅममध्ये कचरा लिहिला जातो.

आता सेव्हला लगेच हात घालू नका. आधी गेमचा रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधला मूळ प्रोग्रॅम, डम्प करा (संगणकावर उतरवून घ्या). हे वायफळ काम नाही, संपर्काची यापेक्षा चांगली परीक्षा दुसरी नाही. रॉममध्ये काय असायला हवे हे आधीच ठाऊक असते. फ्लॅशजीबीएक्स चेकसम (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून दाखवते. रॉम जुळला नाही तर पाय पुन्हा पुसा. सेव्ह मात्र जगात एकच असतो, तो जुळवून पाहायला दुसरे काही नसते. रॉम बरोबर आला की ‘बॅकअप सेव्ह डेटा’ दाबा. फाइल झाली की कार्ट्रिज काढून पुन्हा घाला आणि दुसऱ्यांदा घ्या. दोन्ही फायलींचा एसएचए-१ हॅश (फाइलचा ठसा म्हणून काढलेला आकडा) एकसारखा यायला हवा. ‘गोल्ड’सारख्या घड्याळ असलेल्या गेममध्ये मात्र वेळ पुढे सरकलेली असते. तिथे फाइलचा फक्त पहिला ३२,७६८ बाइटचा भाग जुळवा.

फाइलचा आकारही बोलतो. गेम बॉयचे सेव्ह सहसा ८,१९२ किंवा ३२,७६८ बाइटचे, एसएनईएसचे २,०४८, ८,१९२ किंवा ३२,७६८ बाइटचे असतात. ॲडव्हान्सवर ५१२ बाइटपासून १३१,०७२ बाइटपर्यंत. घड्याळाचा भाग जोडला असेल तर ३२,८१२ किंवा ३२,८१६ असा विचित्र आकडा दिसतो, ती चूक नव्हे. मग फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते एफएफ किंवा नुसते ०० असेल तर सेव्ह वाचलाच गेला नाही. संपर्क, मॅपरची (कार्ट्रिजमधल्या नियंत्रक चिपची) निवड किंवा सेव्हचा प्रकार यांपैकी काहीतरी चुकले आहे. ठरावीक अंतराने तेच बाइट पुन्हा पुन्हा येत असतील तर निवडलेला आकार खऱ्यापेक्षा मोठा आहे.

शेवटची खात्री एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवर. सेव्हच्या फाइलला रॉमचेच नाव द्या, विस्तार गेम बॉयसाठी एसएव्ही, एसएनईएससाठी एसआरएम. एमजीबीए किंवा स्नेस९एक्समध्ये गेम सुरू करा आणि सेव्ह लोड करून थोडे चालून पाहा. मात्र हे मूळ फाइलवर करू नका. एम्युलेटर त्याच फाइलवर लिहितो. प्रतीची प्रत काढून तीच वापरा. निन्टेन्डो ६४ च्या बाबतीत एम्युलेटरने सेव्ह ओळखला नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा बाइटचा क्रम उलटा असतो आणि तो बदलणारी साधने मिळतात.

सेल बदलणे

निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिज आणि सेगा मेगा ड्राइव्हच्या कार्ट्रिज ३.८ मिलिमीटरच्या गेमबिट या खास स्क्रूड्रायव्हरने उघडतात. ४.५ मिलिमीटरचा गेमबिट कन्सोलसाठी असतो, कार्ट्रिजला बसत नाही. ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजना तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. सुरुवातीच्या काही एनईएस कार्ट्रिजना साधा चपटा स्क्रूड्रायव्हर चालतो.

कव्हर उघडल्यावर सेलवर छापलेला क्रमांक वाचा आणि तोच घ्या. एनईएस, एसएनईएस, निन्टेन्डो ६४ यांत सहसा सीआर२०३२, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये सीआर२०२५, छोट्या कार्ट्रिजमध्ये सीआर१६१६. पहिले दोन आकडे व्यास आणि शेवटचे दोन जाडी सांगतात: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. व्होल्टेज सगळ्यांचा ३ च, म्हणून कव्हर नीट बंद होत असेल तर २०२५ च्या जागी २०३२ चालतो आणि जास्त टिकतो. एलआयआर२०३२ मात्र कधीच नको. तो पुन्हा चार्ज होणारा सेल आहे, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि या सर्किटमध्ये तो चार्ज होण्याची सोय नाही.

जुन्या सेलचा व्होल्टेज मल्टीमीटरने मोजून घ्या. नवा सेल ३.० ते ३.३ दाखवतो. हे सेल आयुष्यभर जवळपास ३ वरच राहतात आणि शेवटी एकदम खाली येतात, म्हणून २.७ दिसले तरी तो शेवटाजवळ आला आहे असेच धरा. मधल्या डायोडमुळे चिपपर्यंत त्याहूनही कमी पोचते, आणि एसरॅमला माहिती टिकवायला साधारण २ व्होल्ट लागतात.

नवा सेल टॅबवालाच घ्या. टॅब म्हणजे कारखान्यात स्पॉट वेल्ड करून लावलेल्या धातूच्या पट्ट्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने आतले सील बिघडते, क्षमता घटते, सेल फुगू किंवा फुटूही शकतो. चिकटपट्टीने जुन्या टॅबवर सेल दाबून बसवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती महिनाभर चालते. मग चिकटपट्टी सैल होते, हलक्या धक्क्याने संपर्क तुटतो आणि सेव्ह जातो. मोठ्या कार्ट्रिजमध्ये जागा असेल तर सेल होल्डर बसवता येतो आणि पुढची अदलाबदल सोपी होते. गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये त्याला जागा नसते.

आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. सोल्डर शिसे असलेले ६०/४० किंवा ६३/३७, ०.८ मिलिमीटर जाडीचे, आणि सोल्डर नीट पसरवणारा फ्लक्स. जुन्या जोडावर आधी थोडे नवे सोल्डर आणि फ्लक्स लावा. जुने सोल्डर त्याने लवकर वितळते. एका टॅबला उष्णता देत चिमट्याने ती अलगद वर उचला, मग दुसरी. ओढू नका. सोल्डर पूर्ण वितळण्याआधी ओढले तर बोर्डावरची तांब्याची चकती उखडते आणि मग तार ओढून जोड करावा लागतो. ऋण बाजूची चकती मोठ्या ग्राउंडला जोडलेली असल्याने तिला जास्त वेळ लागतो. टोक रुंद घ्या, तापमान वाढवत बसू नका. उरलेले सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) टिपून घ्या, चकत्या अल्कोहोलने पुसा.

नवा सेल बसवण्याआधी बोर्डावर छापलेले अधिक-उणे दोनदा पाहा. टॅबवाल्या सेलची चपटी, अक्षरे कोरलेली बाजू धन असते. प्रत्येक जोडाला ३-४ सेकंदांपेक्षा जास्त उष्णता नको. झाल्यावर एसरॅम चिपच्या पायावर व्होल्टेज मोजा: २८ पायांच्या चिपमध्ये २८ क्रमांकाचा पाय वीज, १४ क्रमांकाचा ग्राउंड. तिथे अडीच ते तीनच्या दरम्यान काहीतरी यायला हवे. शून्य असेल तर सेल उलटा बसला आहे किंवा जोड कच्चा आहे.

मग रीडरवरून ‘रिस्टोअर सेव्ह डेटा’. कार्ट्रिज काढा, एक रात्र ठेवा, मग गेम सुरू करून पाहा. दोन मिनिटांनी पाहिलेले ग्राह्य धरू नका. बोर्डावरच्या कपॅसिटरमुळे सेल नीट लागला नसतानाही सेव्ह थोडा वेळ टिकू शकतो.

रीडर मिळूच शकत नसेल तर एक मार्ग आहे, जोखमीचा. दोन एए सेल एकापुढे एक जोडून सुमारे ३ व्होल्ट तयार करा, धन तारेत एक शॉटकी डायोड घाला म्हणजे जुना सेल चार्ज होणार नाही, आणि ही जोडणी जुन्या सेलच्या टॅबवर नव्हे तर बोर्डावरच्या त्याच तारांवर पातळ वायरने सोल्डर करा. आता सेल बदला, मग वायर काढा. आयर्नच्या टोकाने धन आणि ऋण क्षणभर जरी जोडले गेले तरी सेव्ह गेला. चालू कन्सोलमध्ये कार्ट्रिज उघडी ठेवून सोल्डर करण्याची पद्धत यापेक्षा वाईट: तिथे शॉर्ट झाला तर कन्सोललाही इजा होते.

ज्यांना सेल पुन्हा बदलायचाच नाही ते एसरॅमच्या जागी एफरॅम बसवतात. ३२ केबीची एफएम१८०८ ही चिप पायांच्या रचनेत जुळते. पण एफरॅमला प्रत्येक वाचन-लेखनावेळी चिप इनेबलचा संकेत खाली-वर व्हावा लागतो, आणि सगळे बोर्ड तसे करत नाहीत. तुमच्या नेमक्या बोर्डावर हे चालल्याची खात्री असल्याशिवाय २८ पाय उपसू नका.

कन्सोल आणि मेमरी कार्ड

निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलर पॅकमध्येही ३२ केबी एसरॅम आणि सीआर२०३२ असतो. लोक गेमच्या कार्ट्रिजकडे पाहतात आणि याला विसरतात. त्यावरही वरचाच क्रम लागू. सेगा सॅटर्नचे ३२ केबी अंतर्गत सेव्ह मागच्या झाकणाखालच्या सीआर२०३२ वर असतात. तो सोल्डरविना बदलता येतो, म्हणूनच लोक निष्काळजीपणे काढतात. आधी सेव्ह बॅकअप कार्ट्रिजवर घ्या आणि सेल कन्सोल चालू असताना बदला, म्हणजे मेमरीला आतून वीज मिळत राहते. ड्रीमकास्टच्या व्हीएमयूमध्ये दोन सीआर२०३२ असतात, पण सेव्ह फ्लॅशवर आहे. ते सेल संपले की फक्त सुरू करताना बीप वाजतो.

प्लेस्टेशनचे कार्ड १२८ केबी फ्लॅशचे, वापरता येणारे १५ ब्लॉक. डिस्क न घालता कन्सोल सुरू करा आणि एका स्लॉटमधून दुसऱ्यात कॉपी करा. संगणकावर आणायचे तर प्लेस्टेशन ३ चा मेमरी कार्ड ॲडाप्टर किंवा फ्री एमसीबूट (अनधिकृत प्रोग्रॅम चालवू देणारे सॉफ्टवेअर) असलेला प्लेस्टेशन २ आणि यूएसबी ड्राइव्ह. फाइल मेमकार्डरेक्समध्ये उघडून पाहता येते. पूर्ण कार्डाची प्रत नेमकी १३१,०७२ बाइटची असावी. गेमक्यूबचे सेव्ह होमब्रू (हौशी लोकांनी लिहिलेले अनधिकृत प्रोग्रॅम) चालवणाऱ्या निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरून काढता येतात, पण ‘एफ-झिरो जीएक्स’चा सेव्ह कार्डाच्या अनुक्रमांकाशी बांधलेला आहे, तो दुसऱ्या कार्डावर तसाच चालत नाही.

एनईएसवर बॅटरीवाला गेम बंद करताना रीसेट दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा. वीज उतरताना प्रोसेसर भरकटतो आणि एसरॅमवर लिहू शकतो. रीसेट दाबलेला असेल तर तो थांबलेला असतो. फ्लॅश कार्ट्रिज (एसडी कार्डवरून गेम चालवणारे कार्ट्रिज) वापरत असाल तर काहींमध्ये मेनूवर परतल्याशिवाय सेव्ह एसडी कार्डवर लिहिला जात नाही. तुमच्या कार्ट्रिजची ही सवय आधी समजून घ्या.

फायली ठेवताना

एम्युलेटरची सेव्ह स्टेट म्हणजे सेव्हची प्रत नव्हे. ती त्या एम्युलेटरच्या त्या आवृत्तीच्या पोटातली स्थिती असते आणि पुढची आवृत्ती ती नाकारू शकते. गेमच्या आत सेव्ह करा आणि एसएव्ही किंवा एसआरएम फाइल जपा. ती उद्याही खऱ्या कार्ट्रिजवर लिहिता येईल.

फाइलच्या नावात गेम, प्रदेश आणि तारीख घाला. जपानी आणि अमेरिकी आवृत्तीचे सेव्ह पुष्कळदा एकमेकांत चालत नाहीत. जपानी ‘क्रिस्टल’मध्ये ६४ केबी सेव्ह आहे, बाहेरच्या आवृत्त्यांमध्ये ३२. फाइलशेजारी तिचा एसएचए-१ एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. तीन प्रती हव्यात: संगणकावर एक, वेगळ्या डिस्कवर एक, आणि घराबाहेर किंवा क्लाउडवर एक. क्लाउडवरचा फोल्डर एम्युलेटरच्या सेव्ह फोल्डरशी आपोआप जुळणारा नसावा. चुकून रिकामा गेम सुरू झाला तर तो रिकामा सेव्ह सगळीकडे पोचतो. कार्ट्रिजच्या आत, कव्हरच्या आतल्या बाजूला, सेल बदलल्याचा महिना आणि वर्ष मार्करने लिहा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला व्होल्टेज मोजण्याआधीच अंदाज येतो.